फाटक वाऱ्यानं हललं

माझी ताई खोटारडी आहे. हे मी तिच्या तोंडावर बोलले आहे, तिच्या मुलीसमोर बोलले आहे, आता तुम्हालाही सांगते. लोक म्हणतात, अगं, सख्खी मोठी बहीण, तुझ्यासाठी तिनं किती केलं, तुला असं बोलवतं तरी कसं? बोलवतं. मला डोळे नाहीत, पण जीभ आहे, आणि ती चांगली चालते.

जन्मापासून मला दिसत नाही. त्यावर हळहळायचं असेल तर पुढचं ऐकू नका, मला त्या हळहळीचा कंटाळा आहे. मी हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर आयुष्यभर नोकरी केली, स्वतःचं पोट स्वतः भरलं. ताई शिवणकाम करते. आधी एका दुकानात बायकांचे कपडे शिवायची, मग स्वतःचं मशीन घेतलं आणि घराच्या पुढच्या खोलीत मांडलं. तिचा नवरा वारला, माझं लग्न झालंच नाही, त्यामुळे आता आम्ही दोघी आणि तिची मुलगी अशा तिघी एका घरात राहतो. ताईचा आवाज कधी चढत नाही. गिऱ्हाईक वेळेआधी येऊन उभं राहिलं तरी ती म्हणते, "बसा हं, एवढी टीप मारते." माझ्यासारखं तिला भांडता येत नाही. म्हणूनच तिचं खोटं इतकी वर्षं पचलं.

ताईचं एक कसब मात्र कुणीही मान्य करावं. कपड्याला टाचण्या लावताना ती चार-पाच टाचण्या ओठांत धरून ठेवते आणि तशीच बोलत राहते. ओठ हलत नाहीत, आवाज दाताआडून येतो, शेजारच्याला ऐकू जातो, त्यापलीकडच्याला नाही. याच आवाजात तिनं मला सिनेमे सांगितले. शेवटच्या रांगेत, कडेच्या दोन खुर्च्यांवर, माझ्या डाव्या कानात. पडद्यावर माणसं बोलत असली की ती गप्प, कारण ते मला ऐकू येतच होतं. तेव्हा ती बोटानं माझ्या तळहातावर काढायची. गोल म्हणजे हसला, खाली ओढलेली रेघ म्हणजे रडला. बोलणं थांबलं की हिचं सुरू.

आणि काय सांगायची? कपडे. पडद्यावर खून झालाय, बाई किंचाळतेय, आणि ताई मला सांगतेय, "शर्टाचं वरचं बटण तुटलंय, काजं मात्र हातानं केलेली आहेत." मी चिमटा काढून विचारायचे, "अगं, मेलं कोण?" मग तिला आठवायचं. पण खरं सांगते, त्या कपड्यांवरूनच मला माणूस कळायचा. कॉलर विरलेला हिरो आणि कडक इस्त्रीचा हिरो यांत काय फरक असतो हे मला कुणी वेगळं शिकवलं नाही. रंग मला माहीत नाहीत, तर ती कापडावरून सांगायची. हा आकाशाचा रंग कसा, तर धुऊन धुऊन मऊ झालेल्या मलमलीसारखा. ही साडी कशी, तर नव्या खादीसारखी, अंगाला टोचणारी. माझ्या डोक्यात हजार सिनेमे आहेत आणि ते सगळे ताईच्या हाताखालून गेलेले आहेत. बोलाचीच कढी, बोलाचाच भात, पण माझं पोट भरत होतं.

आम्ही जिला 'फाटकाचा सिनेमा' म्हणायचो ती गोष्ट तेव्हाची, मी नोकरीला नवी लागले होते तेव्हाची. त्या दिवसांत बोर्डाच्या तारा दुरुस्त करायला एक जण यायचा. आम्ही त्याला तारवाला म्हणायचो. तो तारा जोडता जोडता माझ्याशी गप्पा मारायचा, मग तारा जोडून झाल्यावरही मारायला लागला. मग त्याला दुसऱ्या गावी मोठं काम मिळालं. जाताना म्हणाला, जम बसला की परत येतो, थांबशील ना? मी म्हटलं, थांबेन. सुरुवातीला त्याचे फोन यायचे. पुढे ते कमी झाले, मग बंद झाले.

आणि नेमका तेव्हाच तो सिनेमा लागला. त्यातली बाईही एका माणसासाठी थांबलेली असते. तो बोटीवर कामाला गेलेला, ती रोज अंगणात बसून वाट बघते. सगळा सिनेमा ती वाटच बघते म्हणा ना. शेवटच्या पाच-सात मिनिटांत कुणी एक शब्द बोलत नाही. वारा सुटलेला ऐकू येतो. कुत्रं भुंकतं. मग फाटक करकरतं.

मी ताईचा हात धरला. "कोण आलं?"

ताई क्षणभर गप्प राहिली. मला वाटलं, हिला रडू आलंय. मग दाताआडून आवाज आला, "तोच. हातात बॅग आहे. दाढी वाढलीय. दमलाय गं, पण हसतोय."

मी तिथे रडले ते वेगळंच. तो सिनेमा आम्ही आणखी दोनदा पाहिला, माझ्याच हट्टानं. दोन्ही वेळा तो आला. तिसऱ्या वेळी तर त्याच्या कोटाचं अस्तर फाटलेलंही तिला दिसलं. खोटं बोलायला पाठांतर लागतं म्हणतात. बाईसाहेबांचं चोख होतं.

त्यानंतर वर्षभरानं हॉस्पिटलच्या कंपाउंडरनं मला लग्नाचं विचारलं. चांगला माणूस होता. पुसलेल्या फरशीवरून मी येत असले की लांबूनच सांगायचा, "सावकाश या, ओलं आहे." हात धरायला धावायचा नाही, नुसतं सांगायचा. ज्याला दिसत नाही त्याला यातला फरक विचारा. मी घरी येऊन ताईला सांगितलं. ती मशीनवर बसली होती. मी म्हटलं, "पण मी त्याला नाही म्हणणार आहे. ती थांबली ना? आला ना तो शेवटी?"

मशीन थांबलं. मला चांगलं आठवतं, कारण मी घरातले आवाज ऐकूनच जगते. मग पुन्हा मशीनचं पायडल सुरू झालं आणि ताई म्हणाली, "बघ बाई, तुझं तू ठरव."

मी ठरवलं. कंपाउंडरला नाही म्हटलं. तारवाला काही आला नाही. तो कुठे गेला, जिवंत आहे की नाही, देव जाणे. कंपाउंडरनं पुढे लग्न केलं, त्याला दोन मुलं झाली. त्या काळात बाहेरचा फोन बोर्डावरूनच जोडून घ्यावा लागायचा. रोज दुपारी तो म्हणायचा, "जरा घरी जोडून द्या." मी जोडून द्यायची. निवृत्त होईपर्यंत मी त्या माणसाला त्याच्या बायकोशी जोडून देत होते.

याचा दोष मी कुणालाच दिला नव्हता. नशीब फुटकं म्हटलं आणि पुढे चालू लागले. तुम्ही म्हणाल, सिनेमा बघून कुणी आयुष्य ठरवतं का? सगळेच ठरवतात. कुणी केस कापून घेतात, कुणी पळून जाऊन लग्न करतात. माझ्याकडे बाकी काय होतं बघायला? माणसं कशी वागतात, निघून गेलेला माणूस परत येताना कसा दिसतो, हे मला सिनेमानंच दाखवलं. म्हणजे ताईनं.

आता भाचीचं सांगते. ती एका ऑफिसात हिशेब बघते आणि घरी आली की फोनवर सिनेमे लावते. पण बघत कुठे असते? भांडी घासताना, केस विंचरताना, आणि तेही दीडपट वेगानं. माणसं चिमण्यांसारखी चिवचिवतात नुसती. मी विचारलं, अगं, एवढी घाई कसली? तर म्हणते, "मावशी, बघायचे खूप राहिलेत ना." म्हणजे उरकतेय. पडद्याकडे तीही बघत नाही आणि मीही नाही, मग आमच्यात आंधळी कोण? सिनेमाचं पुढे काय होणार म्हणून मोठमोठी माणसं चर्चा करतात म्हणे. माझ्या घरी येऊन बसा, आमची भांडी घासली जातात तेव्हा कळेल.

पण पोरगी मायाळू आहे. गेल्या वर्षी तिनं मला एक नवा फोन आणून दिला आणि त्यातलं एक बटण दाखवलं. ते दाबलं की सिनेमात माणसं गप्प झाली की एक आवाज सांगतो, काय दिसतंय ते. "पुरुष दार उघडतो. स्त्री वळून पाहते." तो आवाज माणसाचा नाही, यंत्राचा आहे. दम खात नाही, घसा खाकरत नाही. कपड्यांबद्दल अवाक्षर काढत नाही. पहिल्या दिवशी मी वैतागले, म्हटलं, नको बाई मला हे रेल्वे स्टेशन. पण हळूहळू सवय झाली. ताईचे गुडघे आता दुखतात, थिएटरचे जिने तिला होत नाहीत. आणि ज्यांना ताईच नाही अशा किती जणींना या आवाजाचा आधार असेल. तेव्हा ताईच म्हणाली होती, "आंधळा मागतो एक डोळा, तुला तर देवानं यंत्र दिलं. सुटले मी." ती हसत होती. मला वाटलं, गुडघ्यांमुळे म्हणतेय.

मग एका रविवारी सकाळी भाची ओरडतच आली. "मावशी, तुझा फाटकाचा सिनेमा आलाय. जुनी रिळं धुऊनपुसून त्यांनी नवी कॉपी केलीय, वर्णनासकट."

मी आतल्या खोलीत दार लावून बसले. पुढच्या खोलीत ताईचं मशीन चालू होतं. सिनेमा सुरू झाला आणि मला प्रत्येक वाक्य पाठ, आधीच ओठांवर. शेवट आला. वारा. कुत्रं. फाटक करकरलं. आणि कानात तो आवाज म्हणाला, "फाटक वाऱ्याने हलते. बाहेर कोणी नाही. ती उठते. फाटक लावते. कडी घालते. घरात जाते. पडदा काळा होतो."

मला वाटलं, यंत्र चुकलं. मागे नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा तेच. मनात म्हटलं, धुताना त्यांनी रीळच कापलं असणार, नाहीतर यंत्राला तो माणूस दिसलाच नसेल, यंत्राला काय कळतंय! बघा, तेव्हाही माझा विश्वास ताईवरच होता. मी भाचीला बोलावलं, म्हटलं, तू तुझ्या डोळ्यांनी बघ, आणि नेहमीच्या वेगानं बघ. तिनं बघितलं. "नाही गं मावशी, कुणीच येत नाही. उलट ती कडी लावते तेव्हा तिचा चेहरा किती शांत झालाय. छान शेवट आहे."

छान शेवट आहे!

मी पुढच्या खोलीत गेले. "फाटकातून कोण आलं होतं?"

मशीन थांबलं. कुठलं फाटक, कधीचं, काही विचारलं नाही तिनं.

"कुणी नाही," ताई म्हणाली.

मग मी जे बोलले ते सगळं इथे सांगत नाही. शेजारच्या बाईनं खिडकी लावून घेतली, यावरून समजा. माझ्या डोळ्यांत धूळ फेकायला तिला कष्ट ते काय पडले, असंही बोलले. मी विचारलं, "का?"

"तू माझा हात इतका घट्ट धरला होतास. तुझ्या मनात कोण होतं मला ठाऊक नव्हतं का? माझ्याच्यानं सांगवेना."

"ते पहिल्या दिवशी. दया आली, समजू शकते. पण मी त्या कंपाउंडरला नाही म्हणाले तेव्हा? तुझ्यासमोर उभी राहून म्हणाले, तो आला ना शेवटी! तेव्हा दातखीळ बसली होती तुझी?"

मी म्हटलं, आज बोलली नाहीस तर मी या घरात राहणार नाही. कुठे जाणार होते कोण जाणे, पण म्हटलं.

"तेव्हा मी घाबरले," ती म्हणाली. "तू लग्न करून गेली असतीस तर मला सिनेमाला कुणी नेलं असतं?"

"मी तुला नेत होते? की तू मला?"

"तूच मला. आईनं मला एकटीला कधी सोडलं असतं? आणि पुढे ह्यांनी? ह्यांना सिनेमा म्हणजे रिकामटेकड्या बायांचे धंदे वाटायचे. 'धाकटीला दिसत नाही, बिचारीला तेवढाच विरंगुळा,' एवढं म्हटलं की दोघंही गप्प. मला चप्पल घालून बाहेर पडता यायचं. तू माझं तिकीट होतीस. ते मला हातचं घालवायचं नव्हतं."

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, ते मला त्या दिवशी समजलं. लोक म्हणायचे, काय बहीण आहे, आंधळ्या बहिणीला सिनेमे दाखवते! आणि मीही मान खाली घालून ऐकायची, उपकाराचं ओझं वाहायची. मी म्हटलं, "म्हणजे माझा संसार मोडून तू आयुष्यभर सिनेमे बघितलेस."

आणि मग ताईचा आवाज चढला. मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला, तुमची शपथ.

"बघितले? मी? एक तरी सिनेमा बघितला का गं मी? पडद्यावर कुणी रडायला लागलं की मला रडायची सोय नव्हती, कारण मी रडले तर तुला सांगणार कोण? हसू आलं तर आधी तुला सांगायचं, मग हसायचं, तोवर पुढचं निघून गेलेलं. तुला सगळं कळलं पाहिजे म्हणून माझी नुसती धांदल. ते कपडेच का सांगायचे ठाऊक आहे? तेवढं मला न बघता कळतं म्हणून. तेवढ्या वेळात तरी मला त्या माणसांच्या चेहऱ्याकडे बघता यायचं. सिनेमे तू बघितलेस. मी तिथे बसून शिवणच केलं."

मी आत निघून गेले. आम्ही कितीतरी दिवस बोललो नाही. घर एवढंसं, न बोलणं म्हणजे भिंतीला भिंत घासल्यासारखं. भाची दोघींच्या मध्ये निरोप नेऊन नेऊन कंटाळली. शेवटी तिनं एक दिवस दोघींना रिक्षात कोंबलं आणि थिएटरला नेलं. आमचंच जुनं थिएटर, आता त्याच्या पाच छोट्या खोल्या केल्यात आणि लिफ्टही बसवलीय. तिथे न दिसणाऱ्या लोकांसाठी एक खेळ होता. फोन मांडीवर धरायचा, तो सिनेमाचा आवाज ऐकतो आणि आपल्या कानात वर्णन सांगतो. मला जायचं नव्हतं. ताईलाही नव्हतं. पण भाचीनं तोंड उघडू दिलं नाही.

दारातच एक मुलगी आडवी आली, माईक घेऊन. "आजी, आज तुम्ही पहिल्यांदाच खऱ्या अर्थानं सिनेमा बघणार! कसं वाटतंय?"

मी म्हटलं, "बाळ, तुझी आई पाटी घेऊन शाळेत जात होती तेव्हापासून मी सिनेमे बघतेय. खऱ्या अर्थानं म्हणजे काय ते आधी तू शिकून ये." माझ्या बाजूला ताई फिसकन हसली. मी हसले नाही. माझा राग गेलेला नव्हता, आणि तो अजूनही गेलेला नाही, हे नोंद करून ठेवा.

आम्ही बसलो. सिनेमा एका म्हाताऱ्या बाईचा होता, जिची मुलं परदेशी गेलीत. कानात आवाज सांगत होता, "पुरुष जिना चढतो. टॅक्सी निघते." ताई माझ्या डाव्या बाजूला, आणि माझा डावा कान रिकामा. सवयीनं मी तिकडे डोकं झुकवत होते आणि स्वतःवरच चिडत होते. ताई एक शब्द बोलत नव्हती. तिला कुणी सांगायला लावलेलंच नव्हतं. तिचा श्वास ऐकू येत होता, कधी अडकायचा, कधी सैल व्हायचा. माझ्या हातावर बोट नाही, काही नाही.

अर्ध्याच्या पुढे पडद्यावर सगळं शांत झालं. संगीतही थांबलं. कानात आवाज म्हणाला, "म्हातारी खुर्चीत बसली आहे. खिडकीतून उजेड येतो." एवढंच. पुढे काही नाही. आणि शेजारी ताई रडायला लागली. हमसून, नाक ओढत, आजूबाजूला कोण आहे याची पर्वा न करता. एवढ्या वर्षांत थिएटरात तिला मी असं कधी ऐकलं नव्हतं.

मी कानातलं ओढून काढलं. "काय झालं गं? काय दिसतंय? ती मेली का?" आणि माझा तळहात तिच्यापुढे धरला.

तिनं तो हात धरला, बोटं मिटून मूठ केली आणि माझ्याच मांडीवर ठेवून दिली.

"थांब गं," ती म्हणाली. "बघू दे मला."

मी कानातलं परत घातलं. तो आवाज म्हणाला, म्हातारी अजून खुर्चीत बसली आहे.